‘लाइट’ विंडोज काढून मूळ विंडोज परत टाकताना : ॲक्टिव्हेशन आणि अपडेटची सोडवणूक

डीटीपीच्या कामातला एक ब्रँडेड डेस्कटॉप. २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, नंतर बसवलेली २४० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी १ टीबीची जुनी हार्डडिस्क. विकत घेताना त्यात विंडोज १० होम सिंगल लँग्वेज होती. एसएसडी बसवताना दुरुस्तीवाल्याने तिच्यावर काटछाट केलेली ‘लाइट’ विंडोज १० प्रो टाकून दिली. मशीन झरझर सुरू व्हायचं, ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसायचं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये ती विंडोज पुसून मूळ आवृत्ती परत टाकली. जे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितो, कारण या कामात क्रम चुकला की पुसून टाकलेली माहिती परत मिळत नाही.

कमांड आणि एररचे क्रमांक इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात. प्रत्येक एररच्या सुरुवातीला ‘शून्य एक्स’ असतं, ते दर वेळी लिहिलेलं नाही.

सुरुवात फाँटवरून झाली. कोकिला फाँटमध्ये लावलेली एक जुनी पुस्तिका उघडली तर मजकूर निर्मला यूआयमध्ये दिसायला लागला आणि सगळी पानं सरकली. विंडोज १० मध्ये देवनागरीसाठी मुळात फक्त निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऑप्शनल फीचरमधून वेगळे घ्यावे लागतात. सेटिंग्ज, ॲप्स, ऑप्शनल फीचर्स इथे जाऊन इन्स्टॉल दाबलं की ते क्षणात फसायचं. ही फीचर्स विंडोज अपडेटच्याच वाटेने उतरतात, तेव्हा अपडेटचं पान उघडलं. तिथे वरच लाल अक्षरांत ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत’ अशा अर्थाची ओळ. एकट्याच्या मशीनवर ही ओळ दिसली की कोणीतरी पॉलिसी लावून अपडेट बंद केलंय, असं समजायला हरकत नाही.

शनिवारी, १७ जानेवारीला काम हाती घेतलं. पुसायच्या आधी तपासणी.

पहिली कमांड ‘विनव्हर’. प्रो, २१एच२, बिल्ड १९०४४. म्हणजे होम आणि प्रोसाठी जिचा पाठिंबा जून २०२३ मध्येच संपला ती आवृत्ती. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही’. (एसएलएमजीआरनंतर एक स्पेस हवी.) जी खिडकी उघडते तिच्यात ‘प्रॉडक्ट की चॅनल’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. इथे ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ लिहिलेलं होतं आणि खाली मुदत मिनिटांत. केएमएस ही मोठ्या कंपन्यांची पद्धत. कंपनीच्या नेटवर्कवरचा सर्व्हर प्रत्येक संगणकाला १८० दिवसांची, म्हणजे २,५९,२०० मिनिटांची मुदत देतो आणि संगणक ती अधूनमधून वाढवून घेत राहतो. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनवर हा चॅनल दिसला तर आत खोटा सर्व्हर बसवलेला आहे. ‘ॲक्टिव्हेटेड’ हा शब्द तिथे खरा असतो, पण लायसन्स नसतं.

दुसरं अपडेट. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ डिसेबल्ड होती, म्हणून ८००७०४२२ येत होता. ती मॅन्युअल करून सुरू केली. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट या कप्प्यात ‘डब्ल्यूयूसर्व्हर’ला १२७.०.०.१ असा स्वतःकडेच वळणारा पत्ता दिलेला. त्या कप्प्याची नक्कल एक्स्पोर्ट करून ठेवली आणि मग तो काढला. सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये अपडेटचे पत्ते अडवलेले होते, त्या ओळी पुसल्या. रिस्टार्टनंतर लाल ओळ गेली, अपडेट उतरायला लागलं. मग रिस्टार्टमध्ये बराच वेळ फिरून ‘बदल मागे घेत आहोत’ आणि शेवटी ८००७३७१२.

याचं कारण समजून घेणं गरजेचं आहे, कारण बहुतेकांचा वेळ इथेच जातो. विंडोजचा प्रत्येक भाग कोणत्या आवृत्तीचा आहे याची नोंद आणि फाइल्स ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरमध्ये असतात. यालाच कंपोनंट स्टोअर म्हणतात. महिन्याचं अपडेट या नोंदींशी ताडून लागतं. काटछाट करणारा डिफेंडर, रिकव्हरी, भाषा, अपडेट दुरुस्त करणारी सर्व्हिस असे भाग उपटतो तेव्हा नोंदी अर्ध्या राहतात. अपडेटला खालचा थरच सापडत नाही आणि ते मागे फिरतं. ‘डिझम, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ’ चालवलं तर ८००एफ०८१एफ, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणाऱ्या फाइल्स मिळाल्या नाहीत. अधिकृत आयएसओमधली (विंडोज टाकण्याचं सगळं सामान असलेल्या एकसंध फाइलमधली) इन्स्टॉल फाइल सोर्स म्हणून दिली तरी उत्तर तेच. दुरुस्तीला नेमक्या त्याच आवृत्तीच्या फाइल्स लागतात. लाइट इमेजमध्ये मधलं कुठलं तरी अपडेट मिसळून मग भाग काढलेले असतात, त्यामुळे आयएसओतल्या मूळ फाइल्स जुळत नाहीत. ‘एसएफसी स्कॅननाउ’नेही काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत असंच सांगितलं.

इथे थांबलो. यापुढे एकेक फाइल शोधून लावणं शक्य असतं, पण पुढच्या महिन्याच्या अपडेटला तीच गत होणार. आयएसओतली सेटअप फाइल चालू विंडोजमधूनच उघडून, फाइल्स आणि ॲप्स तशीच ठेवून वरून दुरुस्ती करायचा मार्ग अधिकृत विंडोजवर उत्तम चालतो आणि तिथे तोच आधी करून पाहावा. या मशीनला तो उपयोगाचा नव्हता. त्याने प्रो आवृत्ती तशीच राहिली असती आणि प्रोचं लायसन्स या मशीनला कधी नव्हतंच.

आता मशीनचं स्वतःचं लायसन्स. विंडोज ८ पासून ब्रँडेड संगणकांच्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, २५ अक्षरांची की साठवलेली असते, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात. एसएसडी बदला, फॉरमॅट मारा, ती जागची हलत नाही. पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस’ कंसात घालून त्यापुढे टिंब आणि ‘ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी’ लिहिलं की ती दिसते. त्याच नावाला ‘डिस्क्रिप्शन’ जोडलं की ती कोणत्या आवृत्तीची आहे तेही कळतं. पडद्यावर की उमटली आणि वर्णनात ‘कोअर सिंगल लँग्वेज’ आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. कोअर म्हणजे होम. नवं लायसन्स घ्यायची गरज नव्हती.

ही जागा रिकामी आली तर मशीन असेंबल केलेलं असावं किंवा विंडोज ७ च्या काळातलं. पूर्वी विंडोज ७ आणि ८ च्या स्टिकरवरची की १० ला चालायची. मायक्रोसॉफ्टने ती वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्या हार्डवेअरवर पूर्वी अस्सल विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेली असेल तर मात्र डिजिटल लायसन्सची नोंद सर्व्हरवर असते आणि तीच आवृत्ती टाकल्यावर आपोआप जुळते. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या कींच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या पुष्कळशा कंपन्यांच्या घाऊक करारातल्या किंवा दुसऱ्या मशीनच्या असतात. आज चालतात आणि ब्लॉक झाल्या की सी००४सी००३ येतो.

बॅकअपबद्दल सगळे सांगतात, म्हणून जे हमखास राहतं तेवढंच. फाँट फक्त विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये नसतात. ‘फक्त माझ्यासाठी’ म्हणून टाकलेले फाँट यूजरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स इथे बसतात आणि ॲपडेटा लपलेलं असल्याने विसरले जातात. श्रीलिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी घराण्यातल्या जुन्या नॉन-युनिकोड फाँटवर वर्षानुवर्षांच्या फाइल्स उभ्या असतील तर हे फोल्डर आधी उचला. टॅली असेल तर फॉरमॅटआधी तिचं लायसन्स सरेंडर करा. ड्रायव्हर्स ‘पीएनपीयूटिल स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ नंतर तारांकन (ॲस्टरिस्क) आणि फोल्डरचा पत्ता देऊन बाजूला काढता येतात. ‘मॅनेज-बीडीई, स्टेटस’ने डिस्क एन्क्रिप्टेड आहे का तेही पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आयएसओ दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर उतरवला. लाइट विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल बरेचदा सुरूच होत नाही, कारण ज्या सर्व्हिसेसवर ते चालतं त्या काढलेल्या असतात. फाइल साडेपाच-सहा जीबीची, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत बसत नाही, ब्रॉडबँड गाठा. मायक्रोसॉफ्टच्या पानावरची थेट लिंक २४ तासच चालते. उतरवल्यावर ‘सर्टयूटिल हॅशफाइल’ने एसएचए२५६, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, काढून पानावरच्या आकड्याशी ताडला. एकदा अनोळखी इमेजचा अनुभव घेतल्यावर ही पाच मिनिटं वाचवू नयेत. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. १६ जीबीचा चारशे रुपयांच्या आसपास मिळाला.

रविवारी सकाळी मशीन उघडलं. प्लग काढला आणि डेटाच्या हार्डडिस्कची साटा केबलही काढून ठेवली. सेटअपमध्ये डिस्क ०, डिस्क १ अशीच नावं दिसतात आणि चुकीच्या ओळीवर डिलीट दाबायला क्षण पुरतो. केबल काढली की ती भीतीच राहत नाही.

बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला. ज्याच्या आधी यूईएफआय (बूट होण्याची नवी पद्धत) लिहिलेलं असतं तोच घ्यायचा. आधीची विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर मांडणीवर टाकलेली होती, त्यामुळे ‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही’ असं आलं. एसएसडीवरची सगळी पार्टिशनं डिलीट करून पूर्ण मोकळी जागा निवडली आणि नेक्स्ट दाबलं. ईएफआय, राखीव आणि रिकव्हरीची पार्टिशनं सेटअप स्वतः पाडतो. हाताने पाडायला जाऊ नये. अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल लॅपटॉपवर इथे डिस्कच दिसत नाही. डिस्क गेलेली नसते. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा लागतो.

सेटअपने ना की मागितली, ना आवृत्ती विचारली. फर्मवेअरमधली की वाचून त्याने होम सिंगल लँग्वेज निवडली होती. हे बरोबर लक्षण. विचारलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून, यादीतून स्वतःच्या लायसन्सची आवृत्ती नेमकी घ्या. होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि एकीची की दुसरीला चालत नाही. प्रो चढवून मग होमवर उतरायचं म्हटलं तर पुन्हा फॉरमॅट.

इन्स्टॉल सुरळीत झालं. लॅनची केबल जोडली, ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं, तर ८००७२एफ८एफ. क्षणभर धस्स झालं. मग उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: तारीख काही वर्षं मागची. प्लग काढून ठेवलेल्या वेळात मदरबोर्डवरचं घड्याळ शून्यावर गेलं होतं, म्हणजे सेल मेलेला. सुरक्षित जोडणीत सर्व्हरचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. मशीनची तारीख चुकली की ते अवैध ठरतं आणि ॲक्टिव्हेशन, अपडेट दोन्ही अडतात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असलेल्या ठिकाणी हा सेल लवकर संपतो, कारण मेन्स बंद असताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. सीआर२०३२ क्रमांकाचा नाण्याएवढा सेल, घड्याळाच्या दुकानात चाळीस रुपयांना. क्लिप बाजूला सारली की जुना वर उडतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. बायोसमध्ये तारीख-वेळ घालून, विंडोजमध्ये टाइम झोन कोलकाता-मुंबईचा करून ‘सिंक नाउ’ दाबलं. मग ‘एसएलएमजीआर स्लॅश एटीओ’. ॲक्टिव्हेशन झाल्याची खिडकी लगेच आली. ‘स्लॅश डीएलव्ही’ने चॅनल ‘ओईएम डीएम’ (फर्मवेअरमधली, कंपनीने दिलेली की) दाखवला आणि ‘स्लॅश एक्सपीआर’ने कायमस्वरूपी ॲक्टिव्हेशन. मिनिटांची मुदत कुठेच नाही.

इतर एरर वेगळं सांगतात. ८०३एफ७००१ म्हणजे या आवृत्तीचं लायसन्स या हार्डवेअरच्या नावावर सापडलं नाही. बहुधा आवृत्ती चुकलेली असते. सी००४एफ२१३ मदरबोर्ड बदलल्यावर येतो. रिटेल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं असेल तर ट्रबलशूटरमधला ‘हार्डवेअर बदललं’ हा पर्याय कामी येतो. ८००७२३२बी आला तर मशीन अजून केएमएस सर्व्हर शोधतंय, म्हणजे टाकलेली की घाऊक प्रकारची आहे. ‘स्लॅश आयपीके’ने स्वतःची की टाकायची.

अपडेटला धीर लागतो. ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून जे येईल ते येऊ दिलं, रिस्टार्ट मागितला की दिला, आणि यादी रिकामी होईपर्यंत पुन्हा तेच. बाहेरचे ड्रायव्हर-अपडेटर या काळात बसवू नयेत. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. टास्क मॅनेजरमध्ये ‘टायवर्कर’ काम करताना दिसत असेल तर हात लावायचा नाही. काहीच हालचाल नसेल तर विंडोज अपडेट, बिट्स आणि क्रिप्टोग्राफिक या तीन सर्व्हिसेस थांबवून विंडोजमधल्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचं नाव बदलायचं; सर्व्हिसेस सुरू केल्या की तो नव्याने तयार होतो. वाय-फायचा ड्रायव्हरच नसेल तर ॲन्ड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज १० ते लगेच ओळखते. दुपारपर्यंत बिल्ड १९०४५, म्हणजे २२एच२ वर ऑक्टोबर २०२५ पर्यंतची अपडेट लागली.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचा हा आय-५ विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटची, म्हणजे ईएसयूची नोंदणी करायची होती. ती फक्त २२एच२ वर होते, आणि लाइट विंडोजवर तिचा दुवा का दिसत नव्हता हे इथे उमगलं. अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाउ’ आलं. ॲडमिन खातं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. पर्याय तीन: सेटिंग्जचा बॅकअप अकाउंटवर चालू ठेवला तर फुकट, रिवॉर्ड्सचे १००० गुण, किंवा ३० डॉलर अथवा तेवढी स्थानिक किंमत. पहिला घेतला आणि त्यानंतर जानेवारीचं अपडेट लागलं.

मग देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स. या वेळी पट्टी पूर्ण भरली, कोकिला यादीत आला आणि पुस्तिकेची पानं जागेवर बसली. डॉटनेट ३.५ मागणारं जुनं सॉफ्टवेअरही ‘विंडोज फीचर्स’मधून विनातक्रार चालू झालं. मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड भाषा सेटिंगमधून मिळतो. सिंगल लँग्वेज आवृत्तीत बंधन आहे ते मेनूंच्या भाषेवर. कीबोर्ड कितीही जोडा.

डेटाची हार्डडिस्क मशीन बंद करून परत जोडली आणि काहीही उघडण्याआधी डिफेंडरचा पूर्ण स्कॅन लावला. तो संध्याकाळपर्यंत चालला. लाइट इमेज कोणी तयार केली हे माहीत नसतं, म्हणून तिच्यावर वापरलेले ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलून घेतले. हे करायलाच हवं.

वेगाचं म्हणाल तर एसएसडीमुळे फरक फारसा जाणवत नाही. टास्क मॅनेजरमधले अनावश्यक स्टार्टअप बंद केले, नको ती ॲप्स रीतसर अनइन्स्टॉल केली, बॅकग्राउंड ॲप्स थांबवली. काटछाट करायचीच तर एवढ्यावर थांबावं. विनएसएक्सएस, अपडेटच्या सर्व्हिसेस आणि रिकव्हरीला हात लावू नये. ‘रीएजंटसी स्लॅश इन्फो’ने रिकव्हरी एनेबल्ड आहे हे पाहून घेतलं. लाइट विंडोजवर ती नव्हतीच.

खर्च पेनड्राइव्ह आणि सेलचा, साडेचारशेच्या आत. ईएसयूची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्याआधी या मशीनवर लिनक्स टाकायचं की नवं मशीन घ्यायचं हे ठरवावं लागेल आणि त्यात पहिला प्रश्न नॉन-युनिकोड फाइल्सचा आहे. म्हणून त्या आतापासून युनिकोडमध्ये बदलून घेणं सुरू केलंय.